ओळ देणारी नलूबाई

मारेगावात इंग्रजी शाळेला शाळा म्हणत नाहीत, कॉन्व्हेंट म्हणतात. तिथं नन असो नसो, इंग्रजी असो नसो. वणी रोडवरच्या अशाच एका कॉन्व्हेंटात नलूबाई पिंपळशेंडे नऊ वर्षांपूर्वी मावशी म्हणून लागली. मावशी म्हणजे घंटा वाजवायची, पाण्याची टाकी भरायची, नर्सरीतल्या लेकराची चड्डी ओली झाली तर बदलायची, आणि मधल्या सुट्टीत कोणी कोणाच्या डब्यातला पराठा पळवला तर त्याचा न्याय करायचा. एवढं करून उरलेल्या वेळात ती गाणं शिकवायची.

गाणं तिच्याकडे आलं ते लाईट गेल्यामुळं. चार वर्षांपूर्वी शाळेचे संगीताचे सर लग्नासाठी म्हणून अमरावतीला गेले आणि तिकडचेच झाले. त्यांची पेटी फाटक्या नकाशांसोबत स्टोअरमध्ये जाऊन पडली. प्रार्थना स्पीकरवर लागायची. एका सकाळी प्रार्थनेच्या मधोमध लाईट गेले. तीनशे पोरं डोळे मिटून, हात जोडून उभी, आणि पुढं काहीच नाही. एक डोळा उघडून मास्तरणी एकमेकींकडे बघताहेत. नलूबाई घंटेपाशी उभी होती. तिनं पुढची ओळ मोठ्यानं म्हटली. पोरांनी ती मागून म्हटली. तिनं त्याच्या पुढची म्हटली. प्रार्थना पार पडली.

दुसऱ्या दिवशी लाईट होते. तरी तेव्हाच्या प्रिन्सिपल म्हणाल्या, "मावशी, आजही तुम्हीच घ्या." मग पेटी बाहेर निघाली. मग गुरुवार आणि शनिवारचा शेवटचा तास, तिसरी-चौथी एकत्र, नलूबाईकडे आला. वेळापत्रकात त्या चौकोनात 'संगीत' लिहिलेलं होतं. त्याखाली शिक्षकाच्या नावाची जागा चार वर्षं कोरी होती.

तिचा बाप घनश्यामबुवा. मारेगावपासून आठ किलोमीटरवरच्या खेड्यात त्याचं खंजेरी भजनाचं मंडळ होतं. भजनाची रीत ठरलेली. एकानं ओळ द्यायची, बाकीच्यांनी झेलायची. देणारा एक, झेलणारे वीस. देणाऱ्याच्या हाती सगळं. चाल त्याची, ठेका त्याचा, एकच ओळ किती वेळा फिरवायची ती मर्जी त्याची, आणि मध्येच थांबून कोण्या डुलक्या घेणाऱ्याला दोन शब्द ऐकवायचे तर तेही त्यानंच. बाया तेव्हा मंडळात बसत नव्हत्या. नलू दाराआड चुलीपाशी चहा गाळता गाळता ओळ झेलायची. बापाला ते कळत होतं. एकदा मंडळीसमोर म्हणालाही, "माह्या पोट्टीचा सूर तुमा सगळ्यायपेक्षा बरा हाय बे." मंडळी हसली. पण बाहेर येऊन बस असं काही तो म्हणाला नाही.

लग्न होऊन ती मारेगावात आली. नवऱ्याचं नाव भारत, तो कापसाच्या जिनिंगवर कामाला. चांगला माणूस, गाण्याचं त्याला घेणंदेणं नाही. इथं बायांचं भजनी मंडळ होतं, नलूबाई त्यात गेली. तिथं ओळ देणार मथुराबाई. मथुराबाईचे दात गेले, गुडघे गेले, तरी ओळ काही गेली नाही. कोणी म्हटलंच, "बुढे, आता नलूले दे दे न जरा," तर म्हातारी खंजेरी मांडीखाली दाबून म्हणायची, "मी मेली का घेजा."

तेव्हा लाईट गेलेल्या त्या सकाळी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, नलूबाईनं जन्मात पहिल्यांदा ओळ दिली, आणि तीनशे गळ्यांनी ती झेलली. तिच्या पाठीतून काही तरी सरसरत गेलं. घरी जाऊन तिनं ते भारतला सांगितलं.

"हिव भरलं असन," भारत म्हणाला. "च्या ठेव."

यंदा जूनमध्ये नव्या प्रिन्सिपल आल्या. अर्पिता मॅडम. वय बत्तीस, वर्ध्याच्या. बोलणं मोजकं, टेबलावर कागद सरळ रेषेत. दिवाळीनंतर त्यांनी नलूबाईला ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाल्या. नलूबाई बसली नाही, पण बसा म्हटल्याचं तिनं ध्यानात ठेवलं.

"मावशी, हा संगीताचा चौकोन रिकामा आहे," मॅडमनी वेळापत्रकावर बोट ठेवलं. "संस्थेला तिथं नाव पाहिजे. वणीचा एक मुलगा अर्ज देऊन गेलाय. कीबोर्ड वाजवतो, लग्नातल्या ऑर्केस्ट्रात असतो."

नलूबाईनं त्या कोऱ्या चौकोनाकडे बघितलं.

"पण चार वर्षं तुम्ही करताय, हे मला दिसतं. चोवीस डिसेंबरला गॅदरिंग आहे, दुसऱ्या दिवसापासून नाताळची सुट्टी. तिसरी-चौथीचं हिवाळ्याचं एक गाणं बसवा. साधं, सोपं. अध्यक्षसाहेब समोर बसणार आहेत. मुलांनी नीट म्हटलं तर जानेवारीपासून इथं तुमचं नाव. नाही तर मला त्या मुलाला हो म्हणावं लागेल."

"व्हय," नलूबाई म्हणाली.

"आणि एक. स्टेजवर फक्त मुलं. शिक्षक कोणी नाही. मागच्या गॅदरिंगचे व्हिडिओ बघितले मी, मुलांपेक्षा मॅडमच जास्त दिसतात. पेटी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, आपण स्पीकरवर लावू."

"व्हय," नलूबाई पुन्हा म्हणाली. तेव्हा तिला यात काही अवघड दिसलं नाही.

मॅडमनी आधी एक इंग्रजी गाणं मोबाईलवर दाखवलं. त्यात सगळीकडे बर्फ पडत होता आणि गोरी पोरं लोकरीच्या टोप्या घालून नाचत होती. नलूबाईनं ते वर्गात लावलं. बत्तीस पोरं वाकून वाकून बघायला लागली.

"बाई, थो बर्फ खाऊन राह्यला काय?" चौथीतल्या पियुषनं विचारलं. पियुषचा आवाज असा की शेजारच्या वर्गातला फळा हलावा.

"खात नाई, खेयून राह्यला."

"बर्फाचा गोया तं उन्हाळ्यात भेटते. हिवाळ्यात कोन खाते, बाई? सर्दी व्हते न!"

वर्गाला ते पटलं. नलूबाईलाही पटलं. दोन दिवसांनी ती मॅडमकडे गेली आणि म्हणाली की गाणं मी बांधते. मॅडम म्हणाल्या, बांधा, पण मला लिहून आणून दाखवा. नलूबाईनं पाणी भरता भरता दोन कडवी जुळवली आणि वहीच्या पानावर लिहून नेली:

थंडी आली, थंडी आली, गोधडीच्या आत,
नाक माह्यं गार झालं, वाजू लागले दात.

शेंगा शिजल्या तुरीच्या, वाफ आली वर,
मीठ टाक वं माय मले, ओंजळ माही भर.

मॅडमनी वाचलं. 'माह्यं'पाशी त्यांचं पेन थांबलं, मग उचललं गेलं. "छान आहे. पण सुट्टीचं काहीच नाही यात. सुट्टीच्या आदल्या दिवशीचं गाणं आहे, मावशी. एक कडवं सुट्टीचं घाला."

म्हणून तिसरं कडवं मागाहून आलं:

शाळेले लागली सुट्टी, घंटा झाली मुकी,
उन्हात बसू भिंतीपाशी, बोरं खाऊ सुकी.

मॅडमनी तिन्ही कडवी टाईप करून घेतली. पियुषनं तालमीत तुरीच्या शेंगांबद्दल एक शंका काढली की आमच्या घरी त्या शिजतात तेव्हा वाफ वर येण्याच्या आधीच बाबा अर्ध्या संपवतात, ते गाण्यात नाही. त्याला गप्प केलं गेलं. बाकी तालमी झकास चालल्या. नलूबाई पेटीवर बसायची, ओळ द्यायची, पोरं ती अशी झेलायची की व्हरांड्यातून जाणाऱ्या मास्तरणी थांबून ऐकायच्या. अर्पिता मॅडमही एकदा दारात उभ्या राहून गेल्या. नलूबाईनं तेव्हा 'वाफ आली वर' ही ओळ गरज नसताना दोनदा फिरवली.

गॅदरिंग बुधवारी. आदल्या गुरुवारी नलूबाईचा घसा बसला. सकाळी धुकं, दुपारी कापसाच्या गाड्यांची धूळ, त्या दिवसांत अर्ध्या मारेगावाचा बसतो. शेवटच्या तासाला तिनं पेटी उघडली, सूर धरला, आणि हातानं पोरांना खूण केली, चला.

कोणी चाललं नाही. बत्तीस पोरं तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

तिनं पुन्हा सूर धरला. पुन्हा मान हलवली.

"म्हना न बे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"तुमी म्हना न पयले," पियुष म्हणाला.

"माहा घसा बसला. तुमाले येते न गानं?"

"येते."

"मंग?"

"तुमी म्हनलं का येते."

वर्ग हसला नाही. ती गंमत नव्हतीच, पियुषनं खरं तेच सांगितलं होतं. नलूबाईनं वैष्णवीला उभं केलं. वैष्णवी वर्गात पहिली यायची. तिनं 'नाक माह्यं गार झालं' म्हटलं, मग 'ओंजळ माही भर' म्हटलं, मग थांबली आणि रडायच्या बेताला आली. नलूबाईनं आणखी चौघांना उठवलं. ओळी सगळ्यांना येत होत्या. कोणत्या ओळीमागं कोणती येते हे एकालाही माहीत नव्हतं. माहीत असायची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती. पुढची ओळ बाई देतात. चार वर्षं प्रार्थना तशी, पंधरा ऑगस्टचं गाणं तसं, सगळं तसंच. आणि बुधवारी बाई स्टेजवर नसणार होत्या.

शाळा सुटल्यावर ती आणि मैनाबाई वणी रोडनं घरी निघाल्या. मैनाबाई शाळेतली दुसरी मावशी, नलूबाईच्या आधीपासूनची. तिनं खिडकीतून सगळं ऐकलं होतं.

"चार साल झाले, पोपट पाळून राह्यली तू," मैनाबाई म्हणाली. "न म्हन्ते, गानं शिकोतो."

"भजनात असंच शिकोते वं. आमाले बी असंच शिकोलं."

"भजनात म्होरक्या मरेपर्यंत बसून राह्यते. इथं पोट्टे पाचवीत जाऊन राह्यले न!"

कापसाची एक गाडी घासून गेली, दोघी कडेला झाल्या.

"सांगू काय?" मैनाबाई पदर झटकत म्हणाली. "राग येईन तुले."

"सांग."

"तुले ओळ द्याले लय गोड लागते. म्हनून तू कोनाच्या हाती जाऊ देत नाई. मथुराबाईवानी."

राग आला. घर येईपर्यंत नलूबाई तिच्याशी बोलली नाही, आणि कोपऱ्यावर मैनाबाईनं "येतो वं" म्हटलं त्यालाही उत्तर दिलं नाही. भाजी निवडताना तिनं त्या बोलण्यात खोट शोधून बघितली. सापडली नाही. व्हरांड्यात मॅडम थांबल्या तेव्हा आपण ओळ दोनदा का फिरवली, हे तिला नीट ठाऊक होतं.

शुक्रवारी तिनं मॅडमकडून जादा तास मागून घेतला. वर्गाच्या दोन रांगा केल्या.

"आता मी ओळ देनार नाई," तिनं सांगितलं. घसा बसलेलाच होता, त्यामुळं ते धमकीसारखं वाटलं. "तुमच्यातलं कोनी देईन, बाकीचे झेलतीन. कोन देते?"

पियुषनं दोन्ही हात वर केले. त्यानं ओळ दिली ती पंचाकडं आऊट मागावं तशी. झेलणारे झेलायचं सोडून कान झाकायला लागले. वैष्णवीनं नुसती मान हलवून नाही सांगितलं. मग मागच्या बाकावरून नसरीनला पुढं बोलावलं. नसरीन चौथीतली, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या हाफिजभाईची मुलगी. आवाज जाडसर, पण नाकात नाही, सरळ पोटातून यायचा.

"बाई, मले याद नाई राहत," नसरीन म्हणाली. "विसरली तं?"

"विसरली तं थांबजो."

"मंग?"

"मंग जे याद येईन थे म्हनजो."

"गलत असन तरी?"

नलूबाईला क्षणभर बापाचं मंडळ आठवलं. बुवा कितीदा कडवं चुकायचा, आणि वीस जण किती निवांतपणे ते चुकीचं कडवं झेलायचे.

"झेलनाऱ्याले काय कळते गलत का सही," ती म्हणाली. "त्याले ओळ पाह्यजे. ओळ भेटली का थो खुश."

नसरीननं ओळ दिली. पहिल्यांदा फक्त पुढच्या रांगेनं झेलली. दुसऱ्यांदा अर्ध्यांनी. चौथ्या वेळी सगळ्यांनी. नलूबाई खिडकीपाशी उभी राहिली. तिथं तिला नवीनच त्रास सुरू झाला. नसरीन ओळीला हात घालायची आणि हिचे ओठ आपोआप हलायचे. ओठ हलले की एकतीस माना तिच्याकडे वळायच्या आणि नसरीनला कोणी विचारत नसे. शेवटी नलूबाईनं तोंडात लवंग धरली आणि जबडा आवळून बसली. घशालाही बरं, आणि बोलायलाही येत नव्हतं. शनिवार, सोमवार, मंगळवार असेच गेले. पहिली दोन कडवी नसरीनच्या अंगात मुरली. तिसरं कधी यायचं, कधी नाही. ते मागाहूनच आलेलं होतं.

मंगळवारी मैनाबाई येऊन टोचून गेलीच. "काहून वं, तोंडात मीठ धरलं काय? उद्या अध्यक्षासमोर बी अशीच बसजो."

"अशीच बसनार हाय," नलूबाई लवंगेआडून म्हणाली.

बुधवारी अकरा वाजता मैदानातल्या मांडवात गॅदरिंग सुरू झालं. खेड्यांवरून पालक आले होते, ऑटोंनी, मोटरसायकलींनी, काही ट्रॅक्टरनं. उत्तरेचं वारं सुटलेलं, मांडवाची झालर फडफडत होती. पुढच्या सोफ्यावर संस्थेचे अध्यक्ष भगवानराव मफलर गुंडाळून बसले होते. शेजारी अर्पिता मॅडम, मांडीवर कार्यक्रमाची फाईल, त्यात प्रत्येक गाण्याचा टाईप केलेला कागद. नर्सरीचा नाच झाला, त्यात एक फुलपाखरू स्टेजवरून उतरून आईकडे निघून गेलं. पहिलीचा झाला. दुसरीचं इंग्रजी नाटक झालं, ते सगळ्यांनी शांतपणे सहन केलं. मग तिसरी-चौथीचं नाव पुकारलं.

नलूबाई मांडवाच्या पार मागच्या टोकाला, पाण्याच्या कॅनपाशी उभी होती. मॅडमनी ती जागा नेमून दिली नव्हती, पण मावशीनं आणखी कुठं उभं राहायचं असतं? स्टेज तिथून सरळ समोर दिसत होतं. म्हणजे स्टेजवरूनही ती सरळ दिसत होती. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा मोबाईलवरची पेटी सुरू झालेली होती.

नसरीन पुढं उभी. दोन वेण्या, गळ्यात माईकची वायर अडकू नये म्हणून ती हातात धरलेली. तिनं ओळ दिली.

"थंडी आली, थंडी आली, गोधडीच्या आत!"

झेलली. एकतीस गळ्यांनी, थोडी मागं-पुढं, पण झेलली. पहिलं कडवं तालमीप्रमाणे दोनदा फिरलं. दुसरं लागलं. 'मीठ टाक वं माय मले' आलं तेव्हा मांडवातल्या बाया हसल्या, एकीनं शेजारणीला कोपर मारलं. भगवानरावांनी मफलर कानावरून खाली घेतला.

आणि मग नसरीन थांबली.

पेटी वाजत होती. नसरीनचं तोंड उघडं होतं, त्यातून काही येत नव्हतं. एक फेरा गेला. मागच्या रांगेत पियुष ओठ हलवून काही तरी सांगायला लागला, ते त्यालाही माहीत नसणार. दुसरा फेरा अर्ध्यावर आला तेव्हा नसरीननं मान वर केली आणि सरळ मांडवाच्या टोकाला, कॅनपाशी बघितलं. तिच्यामागं सगळ्यांनी बघितलं. बत्तीस पोरं, एकाच माणसाकडे.

नलूबाईचा घसा मंगळवारपासून मोकळा झालेला होता. 'शाळेले लागली सुट्टी' एवढंच म्हणायचं होतं. तिचा आवाज स्टेजपर्यंत सहज गेला असता, तीनशे पोरांच्या मैदानात तो चार वर्षं जातच होता. पोरांनी ती ओळ डोळे मिटून झेलली असती. गाणं निभावलं असतं, आणि पोरांना स्वतःहून काही येत नाही हे भगवानरावांपासून शेवटच्या सतरंजीपर्यंत सगळ्यांना दिसलं असतं. यातलं कोणतं आधी तिच्या मनात आलं, हे सांगता यायचं नाही. ओळ मात्र जिभेवर आली होती, लवंगेला लागून.

ती वळली. स्टेजकडे पाठ केली आणि कॅनची तोटी सोडून पेले भरायला लागली. पेले भरलेलेच होते. पाणी टेबलावरून सतरंजीवर गेलं, तिथं बसलेला एक म्हातारा "ओ बाई, ओ बाई," करत सरकला. तरी ती वळली नाही.

स्टेजवरून पोरांना आता नुसती एक पाठ दिसत होती, हिरव्या लुगड्याची.

"थंडी आली," नसरीन म्हणाली. म्हणाली म्हणजे, जे याद आलं ते. "थंडी आली, गोधडीच्या आत!"

मग पोरांनी ती झेलली, कारण ओळ भेटली होती. आणि 'नाक माह्यं गार झालं' आलं तेव्हा पोरांसोबत मांडवानंही झेललं. आधी मागच्या सतरंजीवरच्या चार-सहा बायांनी, मग कडेला उभ्या बाप्यांनी. आधीच दोनदा ऐकलेली ओळ आणखी एकदा समोरून आली, की ती न झेलता बसून राहणं या भागातल्या माणसाला जमत नाही. अर्ध्या मांडवाचं बालपण कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवर भजन झेलण्यात गेलेलं. पाण्यातून सरकलेला तो म्हाताराही मांडीवर ठेका धरून बसला. भगवानराव सोफ्याच्या हातावर बोटं वाजवत होते. नसरीनला आता कडवं संपवायचं सुचेना की तिला मजा यायला लागली, कोणास ठाऊक, तिनं तेच पुन्हा दिलं, आणि पुन्हा दिलं. मोबाईलवरची पेटी मध्येच संपून गेली. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

अख्ख्या मांडवात एकटी नलूबाई ती ओळ झेलत नव्हती. ती ओला पेला हातात धरून कॅनकडे तोंड करून उभी होती. तिनं बांधलेलं गाणं मागून येत होतं, आणि तिच्या जन्मातली ही पहिली ओळ होती, जी तिनं दिलीही नव्हती आणि घेतलीही नव्हती.

शेवटी पियुष ओरडला, "बस न वं आता!" ते माईकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. हशा झाला, टाळ्या झाल्या आणि गाणं संपलं.

चार वाजता मांडव रिकामा झाल्यावर मॅडमनी तिला ऑफिसात बोलावलं. बसा म्हणाल्या. या वेळी नलूबाई बसली, पाय दुखत होते म्हणून. मॅडमच्या समोर टाईप केलेला कागद होता. पहिल्या दोन कडव्यांपुढं बरोबरची खूण होती. तिसऱ्यापुढं काही नव्हतं.

"तिसरं कडवं राहिलं," मॅडम म्हणाल्या.

"राह्यलं."

"सुट्टीचं तेवढंच होतं."

"व्हय."

"अध्यक्षसाहेबांना कळलं नाही. त्यांना फार आवडलं. म्हणाले, बऱ्याच दिवसांनी गॅदरिंगमध्ये काही तरी म्हणायला मिळालं." मॅडमनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "मी तुमच्याकडे बघत होते. तुम्हाला येत होतं ना तिसरं? मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं माहं झालं असतं," नलूबाई म्हणाली. "चार साल मी त्यायले एक बी गानं नाई शिकोलं, मॅडम. मी म्हनो न थे म्हनत. मांगच्या गुरुवारी कळलं मले. आजचं चुकलं, पन त्यायचं त्यायनं म्हनलं. तुमाले वाटत असन का थ्या वनीवाल्याले घ्यावं, तं घ्या. मी लपवून नाई ठेवत."

मॅडमनी कागद उचलला, पुन्हा सरळ रेषेत ठेवला. कोणी चूक कबूल करताना बघायची फारशी सवय नसलेल्या घरात त्या वाढल्या असाव्यात. मग त्यांनी वेळापत्रक ओढलं आणि त्या चौकोनात लिहिलं, शाईनं: सौ. न. भा. पिंपळशेंडे.

"घंटा आणि पाणी मात्र जूनपर्यंत तुमच्याकडंच," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "नवीन मावशी आता मध्येच मिळणार नाही."

"थे तं हायच," नलूबाई उठली. दारापर्यंत गेली, परत आली. "मॅडम, एक हाय. जानेवारीपासून प्रार्थना मी देनार नाई."

"मग कोण देणार?"

"पोट्टे देतीन. रोज एक."

"मावशी, तीनशे मुलं असतात. गोंधळ होईल."

"व्हईन," नलूबाई म्हणाली.

बाहेर मैनाबाई खुर्च्या रचत होती. तिनं नुसती मान उडवून विचारलं, काय झालं. नलूबाईनं सांगितलं. मैनाबाईनं कमरेवर हात ठेवले.

"मंग आता मॅडम म्हनू का तुले?"

"म्हन न. पन खुर्च्या आधी उचलू दे."

दोन जानेवारीला शाळा उघडली. पाळी पियुषची होती, कारण त्यानं सुट्टी लागायच्या आधीच ती मागून ठेवली होती. तीनशे पोरं हात जोडून उभी राहिली. पियुषनं डोळे घट्ट मिटले आणि प्रार्थनेची पहिली ओळ इतक्या उंच पट्टीत दिली की दुसऱ्या ओळीलाच पाचवी-सहावीची पोरं खाकरायला लागली, आणि तिसऱ्या ओळीला मास्तरणी गप्प झाल्या. मैदानात कोणी तरी फिसकन हसलं. पियुष थांबला नाही. नलूबाई पेटीपुढं बसली होती. तिनं एक पट्टी दाबून बघितली, तिचा सूर खाली पडला. तिच्या वरची बघितली. मग डावा हात भात्यावर तसाच चालू ठेवून ती उजव्या हातानं एकेक पट्टी चाचपत, पियुष कुठं आहे ते शोधायला लागली.